आमचा फोन सदैव एंगेज

आमच्या घरचा फोन कायमचा बंद करावा, असा अर्ज मी स्वतःच्या सहीने केला होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे लोकांनी मला दूरदृष्टीचा माणूस ठरवलं. सोसायटीच्या सेक्रेटरीने तर भर सभेत तसं बोलून दाखवलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. विनयामुळे नव्हे. मान वर केली असती तर बायकोशी नजरानजर झाली असती.

फोन म्हणजे जुना, वायरचा, भिंतीतून निघालेला. बटणांवरचे आकडे पुसले गेलेले, आम्ही अंदाजाने दाबायचो. पूर्वी आमच्या इमारतीत घरोघरी तसले फोन होते, मग एकेकाने काढून टाकले. शेवटी आमचाच उरला, आणि तोही वाजला की पलीकडची गोड आवाजाची मुलगी मला विमा उतरवायला सांगायची. मी विमा कंपनीतच नोकरीला आहे. म्हणजे आमचाच माल आम्हालाच! शेवटी बबडी म्हणाली, "बाबा, हे यंत्र एखाद्या संग्रहालयाला देऊन टाका."

बबडी म्हणजे आमची मुलगी. मोबाईल कंपनीत इंजिनिअर आहे. कुठे टॉवर बंद पडले की ते चालू करायला जी तुकडी जाते, तिची ही प्रमुख. हाताखालचे बाप्ये तिला मॅडम म्हणतात, घरात ती बबडीच. एवढ्या तज्ज्ञ व्यक्तीने सल्ला दिल्यावर मी टेलिफोन कचेरीत अर्ज दिला. तिथल्या बाईंनी तो दोन बोटांत धरून ठेवून घेतला, आणि त्यानंतर विचारायला गेलं की "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच ऐकायला मिळायचं. मी मुळात शांत माणूस आहे, पण प्रोसेस हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं.

मग वादळ आलं. येणार हे आधीच कळलं होतं. किनाऱ्यावरची माणसं मुलंबाळं घेऊन आत पळत होती, आणि आमची मुलगी जीपमध्ये डिझेलचे कॅन भरून उलट्या दिशेने किनाऱ्याकडे निघाली होती. मी म्हटलं, "अगं, वादळ होऊन गेल्यावर जा की!" तर म्हणे, "बाबा, नंतर रस्ता कुठे राहणार आहे?" आमच्या हिने, म्हणजे बायकोने, फक्त सांगितलं, "पोचलीस की फोन कर." बबडीने पोचल्यावर फोन केला. त्यानंतर केला नाही.

आमच्या गावात वादळाने तसा हात राखला. पत्रे उडाले, झाडं आडवी झाली, वीज गेली आणि दुसऱ्या सकाळी सगळ्यांचे मोबाईल मुके झाले. सगळी इमारत गच्चीवर जाऊन, हात उंच करून, आकाशाला फोन दाखवत उभी राहिली. कुणीतरी सांगितलं, पाण्याच्या टाकीवर चढलं की सिग्नलची एक दांडी येते. सेक्रेटरी चढला. दांडी आली नाही, आणि त्याला खाली उतरवायला चार माणसं लागली.

मी खाली आलो तर ही फोन पुसत होती. आमची ही काळजीत असली की घरातल्या वस्तू पुसते. रिसीव्हर उचलून पुसता पुसता ती एकदम थांबली. "अहो, यात आवाज येतोय."

मी कानाला लावला. लांबलचक, एकसुरी, गुणगुणता डायल टोन. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहतात, आम्ही त्यांना हेडसर म्हणतो. ते धावत आले आणि त्यांनी ताबडतोब तास घेतला: या फोनला घरची वीज लागतच नाही, ती वायरमधून टेलिफोन कचेरीतून येते, तिथे मोठ्या बॅटऱ्या असतात, आणि तुम्ही पोरांनी ही सोय मूर्खासारखी काढून टाकलीत. 'पोरांनी' म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. मी पंचावन्न वर्षांचा आहे.

आम्ही बबडीचा मोबाईल लावला. बंद. तिच्या कंपनीत लावला. तिथल्या माणसाने सभ्यपणे सांगितलं, की तुकडी कामावर आहे, पण तुकडीशीच संपर्क नाही, कळलं की कळवू. म्हणजे जगाचा संपर्क जोडायला गेलेल्यांचाच संपर्क तुटलेला. आता एकच उरलं. ती जिथे असेल तिथून, जमेल तेव्हा, या फोनवर फोन करील. हा नंबर तिला बोबडं बोलायची तेव्हापासून पाठ आहे. मी खुर्ची ओढली आणि फोनसमोर बसलो.

तेवढ्यात दारात पहिल्या मजल्यावरच्या मावशी. "भाऊजी, तुमचा फोन चालू आहे म्हणे. भावाला एकच करू का? 'ठीक आहे' एवढंच सांगते नि ठेवते."

आता नाही कसं म्हणायचं? मावशींनी 'ठीक आहे' खरोखर पहिल्याच वाक्यात सांगितलं. पुढे ठेवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. "बरं, ठेवते मग. ठेवते हं. काळजी घे. वहिनीला सांग. काय म्हणते ती? गुडघा? अरे, मग तेल लाव म्हणावं. बरं, ठेवते. अरे हो, आणि ती खिडकी..." आपल्या लोकांना फोन उचलता येतो, ठेवता येत नाही, हे माझं जुनं मत आहे. मावशी दारातून बाहेर पडेपर्यंत जिन्यात आठ माणसं उभी होती, आणि दुपारपर्यंत रांग फाटकाबाहेर गेली होती.

मी शिस्तीचा माणूस. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'प्रत्येकी दोन मिनिटे. फक्त खुशाली.' परिणाम असा झाला, की प्रत्येकजण फोन लागल्यावर आधी पलीकडच्याला तो पुठ्ठा वाचून दाखवू लागला. "हो ना, फार कडक आहेत," असंही वर सांगू लागला. सल्ल्यांना तर ऊतच आला. कुणी म्हणालं टोकन द्या, कुणी म्हणालं बायकांची रांग वेगळी करा, सेक्रेटरी म्हणाला एक उपसमिती नेमूया. हेडसरांनी आकडे पुसलेले असल्यामुळे चुकीचा नंबर लावला आणि कुठल्यातरी अनोळखी गृहस्थांशी मनसोक्त बोलले. मी घड्याळ दाखवलं तर रिसीव्हरवर हात ठेवून मला दटावलं, "थांबा हो! बिचारे एकटेच आहेत!" दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचा उलट फोन आला, हेडसर बरे आहेत ना म्हणून.

या सगळ्या गोंधळात हिचं काम मात्र बघत राहावं असं होतं. तिने माझा पुठ्ठा कुणाला न कळत भिंतीकडे तोंड करून ठेवला. रांगेतून एकदा चक्कर मारायची, तोंडं बघायची आणि बरोबर ज्याचं माणूस किनाऱ्याकडे अडकलंय त्याला हाताला धरून पुढे आणायची. कुणी तक्रार केली नाही. बाहेरगावाहून लोक आमच्याकडे फोन करून निरोप ठेवू लागले, आणि ते सगळे हिच्या तोंडपाठ. नुसते शब्द नाहीत, सूरसुद्धा. समोरच्या शिंप्याच्या मुलाचा निरोप सांगताना ती त्याच्यासारखीच अडखळली. "आ... आबांना म्हणावं, मी ब... बरा आहे." शिंपी हसला आणि लगेच डोळे पुसायला लागला. लग्नाला तीस वर्षं होत आली, बाजारातून आणायच्या चार वस्तू माझ्या लक्षात राहत नाहीत म्हणून मी रोज बोलणी खातो. त्या बोलण्यांत दम होता, हे त्या दिवशी मान्य केलं. मनात.

पण माझा जीव फोनमध्ये अडकला होता. एक बोलून झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. शेवटी मी हिला स्वयंपाकघरात गाठलं.

"अगं, आपला फोन सारखा एंगेज! बबडीचा फोन लागणार कसा?"

"लागेल."

"कसा लागेल? गावभर खुशाली वाटत बसलोय आपण, आणि आपल्या पोरीची खुशाली?"

ती कप विसळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीही तिकडे लोकांचे फोन लागावेत म्हणूनच गेलीय ना? मग मी इथे लोकांना दारातून परत पाठवू?" आणि तोच धुतलेला कप तिने पुन्हा धुवायला घेतला. तिलाही माझ्याइतकीच भीती वाटत होती. माझ्याहून जास्तच.

तरी मी बापच. जेवणानंतर बाहेर येऊन मी जाहीर केलं, की आता थोडा वेळ फोन कुणालाही मिळणार नाही, आमच्या मुलीच्या फोनची वाट बघायची आहे. मला वाटलं, लोक कुरकुरत घरी जातील. एकही हलला नाही. मावशी, हेडसर, शिंपी, सेक्रेटरी, सगळे जिथे होते तिथेच बसले आणि माझ्याबरोबर फोनकडे बघू लागले. कुणी खोकलं तर बाकीचे डोळे वटारायचे. मावशी तर हात जोडून बसल्या होत्या. परक्याच्या पोरीसाठी एवढी माणसं श्वास रोखून बसलेली मी कधी बघितली नव्हती. मी उगाच पंख्याकडे बघत बसलो. पंखा बंद होता.

फोन वाजला नाही. दारात कोपऱ्यावरची इस्त्रीवाली मात्र येऊन उभी राहिली. तिचा नवरा ट्रक घेऊन किनाऱ्याकडे गेलेला. तिला कुणीतरी सांगितलं असावं, आत्ता बंद आहे म्हणून. ती काही मागत नव्हती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत नुसती उभी होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी उठलो, रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "नंबर सांगा, मी दाबतो. हे आकडे कुणाला कळत नाहीत." ट्रकमालकाने सांगितलं, की ट्रक अलीकडच्याच गावात अडकलाय, माणूस धडधाकट आहे. ती बाई खाली बसून रडली. मावशीही रडल्या, सेक्रेटरी रडला. मी पुठ्ठा उचलून माळ्यावर टाकला.

आणि वादळानंतर चौथ्या दिवशी सकाळी, रांग ऐन भरात असताना, टेलिफोन कचेरीचा लाइनमन आला. खांद्याला पिशवी, कमरेला पक्कड. आम्हाला वाटलं, सरकारने कौतुक करायला पाठवलं.

"साहेब, अभिनंदन," तो म्हणाला. "तुमचा अर्ज मंजूर झाला."

"कसला अर्ज?"

"फोन बंद करण्याचा."

मी म्हटलं, "अहो, अख्ख्या गावाचे फोन बंद आहेत! चालू आहे तो हा एकच!"

"हो ना," तो मनापासून हळहळला. "पण बंद फोन चालू करायचे आदेश अजून आलेले नाहीत. चालू बंद करायचा आहे."

मी अर्ज मागे घेतो म्हणालो. त्याला साहेबांची सही लागणार होती, आणि साहेब पाण्याच्या पलीकडे अडकले होते. "मग त्यांना फोन करून विचारा," ही म्हणाली. "कुठून करू, बाई?" "हा काय, इथून." मग लाइनमनने रांगेत उभं राहून, नंबर आल्यावर, आमच्याच फोनवरून आमचा फोन कापू का असं साहेबांना विचारलं. साहेब नियमाचे पक्के निघाले. आदेश निघाला म्हणजे निघाला. अर्ज मागे घ्यायचा तर आधी फोन बंद व्हायला हवा, मग बंद फोनधारक म्हणून नवा अर्ज. हे सांगून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, तू नक्की कुठून बोलतोयस? आणि मग आपल्या आईला द्यायचा निरोप हिच्याजवळ ठेवला. गोळ्या कपाटाच्या वरच्या खणात आहेत म्हणून.

हिने निरोप घेतला आणि जाता जाता विचारलं, "साहेब, माणूस फोन कापायला आला आणि घराला कुलूप असलं, तर काय करतात?"

मग साहेब म्हणाले, "मग काय करणार? 'घर बंद' असा शेरा मारून परत यायचं."

लाइनमन मात्र ताठ झाला. "वहिनी, मी खोटा शेरा मारणार नाही. वीस वर्षांत मारला नाही."

"मी कुठे मारा म्हणते?" ही आत गेली आणि कुलूप घेऊन आली. आमचं घर तळमजल्यावर, मागे स्वयंपाकघराचं दार आहे. तिने सगळी रांग मागच्या बाजूला वळवली, पुढचं दार ओढलं आणि कुलूप लावलं. लाइनमनने ते रीतसर ओढून बघितलं, समाधानाने मान हलवली, शेरा लिहिला, आणि पिशवी सावरत वळसा घालून मागच्या रांगेत येऊन उभा राहिला. त्याला बहिणीला फोन करायचा होता. मी त्या वेळी नेमका फाटकाशी होतो. स्वतःच्या घरात शिरायला मला मागे जावं लागलं, आणि तिथे मावशींनी मला अडवलं. "भाऊजी, रांगेने!"

त्या लाइनमननेच वर बघितलं म्हणून पुढचा अनर्थ टळला. रस्त्यापलीकडचं झाड रात्रीतून आणखी कललं होतं आणि आमची वायर खांबावरून निसटून रस्त्यावर लोंबत होती. एखादा टेम्पो आला की संपलं. "आदेश नाही," लाइनमन म्हणाला, "पण घर बंद असल्यामुळे माझ्याकडे वेळ आहे." तो शिडी लावून खांबावर चढला. वायर पक्की होईपर्यंत कुणी फोन करायचा नाही, नि कुणीतरी खालून ती उचलून धरायची, असं त्याने सांगितलं. ही कपडे वाळत घालायची लांब काठी घेऊन आली आणि तिने ती माझ्या हातात दिली.

अशा रीतीने विमा कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी, घरातल्या चट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यात, रस्त्याच्या मधोमध काठी उभी धरून उभा राहिला. येणाऱ्याजाणाऱ्यांना विषय मिळाला. "काका, पतंग अडकला का?" "जरा डावीकडे घ्या." "दोन्ही हातांनी धरा की!" दोन्ही हातांनीच धरली होती. आमच्या ऑफिसातला शिपाई सायकलवरून गेला. त्याने उतरून नमस्कार केला, आणि मला उलट नमस्कारही करता आला नाही. पाण्याचा टँकर येऊन समोर उभा राहिला आणि भोंगा वाजवू लागला. मी वायर आणखी उंच केली. खांबावरून लाइनमन ओरडला, "साहेब, हलू नका! आता हललात तर तुटेल!"

आणि घरात फोन वाजला.

वाजला, वाजला, आणि थांबला. मग खिडकीत ही. रिसीव्हर कानाला, वायर ताणलेली, चेहरा पांढराफटक.

"अहो! बबडी!"

मी काठी धरून उभा. टँकर माझ्यासमोर, लाइनमन डोक्यावर, माझी पोर त्या वायरमध्ये, आणि ती वायर माझ्या हातात. गावातला एकेक माणूस त्या फोनवर बोलून गेला होता. मलाच तेवढं जाता येईना.

"बरी आहे का?" मी ओरडलो.

"बरी आहे! अगदी बरी आहे! जेवलीय!"

काठी हलली नाही, एवढं मी अभिमानाने सांगू शकतो.

"मग इतके दिवस फोन का नाही केला? विचार तिला!"

ही आत काहीतरी बोलली, ऐकलं, आणि पुन्हा बाहेर वाकली. "रोज करत होती म्हणते! एक टॉवर चालू झाला, की तपासायला पहिला फोन आपल्याच घरी लावते! प्रत्येक वेळी एंगेज!"

"बघ!" मी अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडलो. "मी सांगत नव्हतो? एंगेज! मी घसा फोडून सांगत होतो!"

टँकरवाल्याने भोंगा थांबवला. जिन्यातले, रांगेतले, सगळे फाटकाशी येऊन उभे होते. मावशींनी तर अपराध्यासारखी मान खाली घातली होती. ही बराच वेळ ऐकत राहिली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "ती म्हणते, एंगेज लागला की मी खूश व्हायचे. म्हणजे टॉवर चालला, आपल्या घरापर्यंत लाइन पोचली, घर उभं आहे, आणि आई कुणालातरी फोन करू देतेय. मग मी पुढच्या टॉवरकडे निघायचे."

खांबावर लाइनमनचा हात थांबला होता.

"आणि..." हिचा आवाज फुटला, "आज एकदम रिंग वाजली, तर घाबरली हो पोरगी! विचारतेय, घरी काय झालं? आज फोन रिकामा कसा?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता. अख्खी आळी बघत होती आणि मी, वरिष्ठ अधिकारी, पायजम्यात उभा राहून रडत होतो. तसाच मी वर बघून ओरडलो, "झालं का हो तुमचं?"

"झालं साहेब! पक्की बसली! सोडा काठी!"

मी काठी सोडली. टँकर गेला. मला धावत जाऊन तिच्याशी बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. मी खिडकीशी पोचलो, हिने रिसीव्हर माझ्यापुढे धरला. आतून वाऱ्याचा आवाज येत होता, आणि बबडी "बाबा? बाबा?" म्हणत होती.

"बबडे," मी म्हणालो, "इथे सगळे ठीक आहेत. पुढचा टॉवर केव्हा?"

"आत्ता निघतोय, बाबा."

"जा मग. बेताने चढ." मी रिसीव्हर खिडकीतूनच हिच्या हाती दिला, मागे वळलो आणि म्हटलं, "मावशी, चला आत. भावाला फोन लावा. आणि घाईने ठेवायचं नाही, सांगून ठेवतो."